ताटातलं आणि वावरातलं

आमच्या वावरात सोयाबीन पिकतं आणि स्वयंपाकघरात सोयाबीनचं तेल पाकिटातून येतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास थ्रेशर लागतो, पोती घरात टेकतही नाहीत, सरळ बाजार समितीत जातात आणि तिथून कारखान्यात. दाण्यात तेल १८ ते २० टक्के, बाकीची पेंड. पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्याला जाते. तेल शुद्ध होऊन, पाकिटात भरून आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरच्या किराणा दुकानात येतं. त्याच्याच शेजारी इंडोनेशिया-मलेशियातून आलेलं पामतेल, थोडं स्वस्त. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात पामतेलाचा वाटा सगळ्यात मोठा. आजोबांच्या काळी गावात जवसाचा घाणा होता. रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येणारं पीक, पाणी द्यायला नको, आणि तेलात ते ओमेगा-३ जे आज कॅप्सूलमध्ये विकतात. आता जवस म्हणजे डब्यातली चटणी, तीही आई आहे तोवर.

हे रडगाणं नाही. सोयाबीन शंभर-एक दिवसांत हातात येतं, मजूर कमी लागतात, विकायला गेलं तर घेणारा भेटतो. भावाच्या मुलांचं शिक्षण त्याच्यावरच चाललं आहे. पण ‘तब्येतीला चांगलं ते पृथ्वीलाही चांगलं का’ हा प्रश्न हल्ली जिथं तिथं विचारला जातो, तेव्हा मला आधी हे पाकीट आठवतं. प्रश्न विचारणारा ताटाकडे बघत असतो. आम्हाला तो वावरातून बघावा लागतो, आणि तिथून तो जरा वेगळा दिसतो.

२०१९ मध्ये ‘ईट-लॅन्सेट’ आयोगाचा अहवाल आला. १६ देशांतल्या ३७ तज्ज्ञांनी मिळून एक ताट मांडलं : माणूसही निरोगी राहील आणि २०५० सालच्या हजार कोटी तोंडांना भरवताना पृथ्वीही मोडणार नाही, असं. अख्खी धान्यं, भाज्या-फळं भरपूर, डाळी-कडधान्यं रोज ७५ ग्रॅम, दाणे आणि सुका मेवा मिळून ५० ग्रॅम, तांबडं मांस जेमतेम १४ ग्रॅम, साखर ३१ ग्रॅम. हे मी घरी वाचून दाखवलं. मांसाचं ऐकून कोणाला काही वाटलं नाही, आमच्याकडे मटण म्हणजे पाहुणा किंवा पोळ्याची कर. डाळीला आईनं मान डोलावली. दाणे-मेव्याच्या आकड्याला थांबली. “रोज पन्नास ग्रॅम? मंग सणाले काय करतीन ते लोक?”

तिचा प्रश्न पुढे अभ्यासकांनाही पडला. त्याच ताटाची जगभरच्या बाजारभावांनी किंमत काढली तेव्हा किमान १५८ कोटी लोकांना ते परवडत नाही असं निघालं. सगळ्यात महाग पडत होती फळं-भाज्या, मग डाळी आणि दाणे-मेवा, मग मांस-अंडी-मासे आणि दूध. म्हणजे पृथ्वीला परवडणारं जेवण माणसालाच परवडेना.

आता आमच्याकडचं सांगतो. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, खोल, भेगाळणारी जमीन आणि खाली खारं पाणी. विहीर खोदली तरी ओलीत होत नाही. जे काही पिकतं ते पावसावर आणि पावसानं ठेवून गेलेल्या ओलीवर. अशा जमिनीवर शेतकऱ्यांनी जी पेरणी बसवली होती ती मी लहानपणी शेवटची शेवटची पाहिली. ज्वारीच्या ओळी, ठरावीक ओळींनंतर तुरीचं तास, म्हणजे तुरीची ओळ, मधे मूग नाहीतर उडीद, कडेनं आंबाडी, थोडे तीळ, वर चढायला बरबटी. पोळ्याच्या आसपास मूग घरी. दिवाळीनंतर ज्वारीची सोंगणी, कणसं खळ्यावर, कडब्याच्या पेंड्या गोठ्याच्या वर. तूर जानेवारीपर्यंत उभी, तिची मुळं ओल शोधत खोल गेलेली. ढोरं कडबा खायची, शेण उकिरड्यावर, उकिरडा उन्हाळ्यात वावरात.

मोठेपणी वाचल्यावर एक गोष्ट कळली आणि त्या वावराबद्दल आदर वाटला. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक फार कमी असतो, शरीराला तो बाहेरूनच मिळवावा लागतो. तूर, मूग, उडीद यांच्यात तो भरपूर. म्हणून भाकरी आणि वरण एकत्र खाल्लं की प्रथिन पुरं होतं. आणि हीच तूर, हाच मूग मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधून जमिनीला देतात. ज्वारीला जे जमिनीत कमी पडतं आणि भाकरीत जे कमी असतं, दोन्ही भरून काढणारं पीक एकच, आणि ते शेजारच्या तासात उभं. कोणी पोषणतज्ज्ञ आणि मृदातज्ज्ञ एकत्र बसवून हे ठरवलं नव्हतं. पावसाचा भरवसा नाही म्हणून चार पिकं टाकायची, एक गेलं तर दुसरं हाती लागेल, एवढाच व्यवहार होता.

माझं म्हणणं काय ते इथंच सांगून टाकतो. तब्येत आणि जमीन यांचं जमतं ते मिसळीच्या पेऱ्यात. त्यातली एक वस्तू बाहेर काढून तिचा उदोउदो केला की कुठं तरी बिघडतं. कधी माणूस, कधी जमीन.

ज्वारीचंच घ्या. भारताच्या पुढाकारानं २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, ‘श्रीअन्न’ म्हणून जाहिराती झाल्या. छान झालं. पण त्या भरात गहू विष आणि ज्वारी अमृत असं जे चाललं आहे ते मला पटत नाही. चक्कीवरून दळून आणलेल्या गव्हाच्या कणकेत तंतुमय भाग आणि लोह साधारण ज्वारीइतकंच असतं. मागे पडतो तो पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ आणि मैदा. गव्हाशी आमचं भांडण पाण्याचं आहे. त्याला पाच-सहा पाणी लागतात, ते आमच्या जमिनीखाली नाहीत. ज्याच्याकडे गोडं पाणी आहे त्यानं खुशाल पेरावा.

आणि नुसत्या ज्वारीवर जगलेल्या माणसांचं काय झालं हेही विसरू नये. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दख्खनमधल्या गरीब ज्वारी खाणाऱ्यांत पेलाग्रा हा रोग अभ्यासला होता. ऊन लागतं तिथली कातडी काळी, खरखरीत होते, पोट बिघडतं, पुढे डोक्यावर परिणाम. त्यांचा संशय ज्वारीतल्या ल्युसिन या घटकावर होता. ताटात डाळ, भाजी, ताक असलेल्याला हा रोग होत नव्हता; भाकरी आणि मिरची एवढंच ज्याच्या वाट्याला येई त्याला होई.

याच्याहून कडवा धडा झाडीपट्टीत आहे. माझी ताई भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरकडे दिली आहे. तिकडचं जगणं धानाचं. पाऊस आमच्या दीडपट, बांध्यांत पाणी साचलेलं, जुने मालगुजारी तलाव भरलेले. धानाच्या साचलेल्या पाण्यात तळाला हवा पोचत नाही, तिथले जिवाणू मिथेन सोडतात, म्हणून हवामानाच्या हिशोबात भात बदनाम आहे. पण पावसाळ्यात त्या बांध्यांत ज्वारी पेरा म्हणणाऱ्यानं एकदा तिथं उभं राहून दाखवावं, पाय काढता येणार नाही. तिथं धानच खरा. फक्त तो किती पॉलिश करायचा, उसना (धान उकडून केलेला) खायचा की अरवा (न उकडलेला), पाणी सतत तुंबवायचं की अधूनमधून सोडायचं, इथं काही करता येतं. उसन्या तांदळात कोंड्यातली जीवनसत्त्वं उकडताना आत मुरतात, म्हणून गिरणीत घासूनही थोडी उरतात. तलावातली बारीक मासोळी काट्यासकट खाल्ली जाते, कॅल्शियमसाठी गोळी लागत नाही. ताईचा नवरा हे सगळं ऐकून म्हणतो, “आमी तं चव लागते म्हनून खातो गा.”

तर तो कडवा धडा म्हणजे लाखोळी, लाखेची डाळ. धान कापायच्या दोन-तीन आठवडे आधी, उभ्या पिकात, चिखलात तिचं बी फेकतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघतो तोवर लाखोळी वर आलेली असते आणि उरलेल्या ओलीवर, दवावर वाढते. वर जमिनीला नत्र. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, डाळीत प्रथिनं भरपूर. पर्यावरणाच्या परीक्षेत याहून जास्त गुण मिळवणारं पीक मला तरी माहीत नाही. आणि याच डाळीत एक विष आहे, जे दोन-तीन महिने रोज, मुख्य अन्न म्हणून पोटात गेलं तर पाय जातात. गुडघे ताठ होतात, माणूस काठीवर येतो, मग बसून सरपटतो. बरा होत नाही. दुष्काळात दुसरं सगळं जळायचं, लाखोळी तेवढी तगायची आणि मध्य भारतातल्या कित्येक भागांत सालदाराला मजुरी म्हणूनही तीच मापून दिली जायची. मालकाच्या घरी ती आठवड्यातून एकदा वड्यांत, भिजवून पाणी ओतून दिलेली, सोबत भात-भाजी-दूध. मजुराच्या घरी तिन्हीत्रिकाळ. डाळ एकच. १९६१ मध्ये केंद्र सरकारनं तिच्या विक्रीवर बंदीचा नियम आणला, पण झाडीपट्टीतल्या बांध्यांतून ती कधी गेली नाही. पुढे महाराष्ट्रात बंदी उठली, ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखे कमी विषाचे वाणही आले. ताईकडे गेलो की तिचे वडे मीही खातो, दोन-चार, भीती न बाळगता.

उलटी बाजूही आहे. आमच्या जिल्ह्यातच, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचे बगीचे. फळ म्हणून संत्र्यात खोट काढायला जागा नाही, आमच्या बाजारात हंगामात ढिगानं मिळतं, नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण बगीचा उन्हाळ्यात जगवायचा तर पाणी पाहिजे, आणि त्यासाठी तिकडे बोअरवर बोअर झाले. वरुड तालुक्यातलं भूजल ‘अतिशोषित’ म्हणून नोंदलं गेलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खाणाऱ्याच्या तब्येतीला उत्तम, जमिनीच्या पोटाला जड. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) झाडाला ताण द्यायचा, म्हणजे काही दिवस पाणी तोडायचं, पण पुढे पाणी तोडून चालत नाही, फळगळ होते, मग टँकरनं पाणी घालणारेही पाहिले आहेत. त्या शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण मधली पिकं काढून टाकून सगळं वावर एका झाडावर लावायला त्याला सांगितलं कोणी? बाजारानं, आणि योजनांनीही.

‘गावचं ते चांगलं, लांबचं ते वाईट’ हेही पूर्ण खरं नाही. अन्नामुळे जे वायू हवेत जातात त्यात वाहतुकीचा वाटा बहुतेक हिशोबांत लहानच येतो. मोठा वाटा वावराचा, गोठ्याचा, खताचा आणि त्यासाठी तोडलेल्या जंगलाचा. गावठी कोंबडी हळू वाढते, म्हणून किलोमागे तिचा हिशोब ब्रॉयलरपेक्षा वाईटच निघेल. पण ती उकिरड्यावर उकरून, सांडलेला दाणा आणि किडे खाऊन जगते, ब्रॉयलर आमच्याच सोयाबीनची पेंड खातो. किलोमागचा आकडा हे काही सांगत नाही. दोन लिटर दूध देणाऱ्या गावरान गाईचंही तसंच : लिटरमागे मिथेन जास्त, आणि शेण, गोऱ्हा, खाल्लेला कडबा या रकाना नसलेल्या गोष्टी.

ज्या भाज्यांना कोणी पेरत नव्हतं त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मृग पडला की आठ-दहा दिवसांत धुऱ्यावर तरोटा. कोवळी पानं, दुधी-हिरवी, जराशी बुळबुळीत. तोडायची ती फुलं यायच्या आधी, नंतर कडू. मग घोळ, केना, काटेमाठ, तांदुळजा, कुर्डू. बाया निंदायला जायच्या, उपटलेल्या तणातलं खाण्याजोगं ओटीत टाकायच्या आणि संध्याकाळी त्याची भाजी व्हायची, लसूण, मिरची आणि मूठभर मुगाची डाळ घालून. देशातल्या ५७ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं २०१९-२१ मध्ये नोंदवलं. लोहाच्या गोळ्या अंगणवाडीत मिळतात, घरी आणून फडताळात राहतात. पालेभाजीतलं सगळं लोह अंगी लागतं असं नाही, लिंबू पिळावं लागतं. पण एका भाजीत लोहाबरोबर बाकी जे काय असतं ते गोळीत नसतं.

तणनाशक आलं आणि या भाज्या पंधरा दिवसांत पिवळ्या पडून गेल्या. आता धुऱ्यावरचा तरोटा तोडायलाही आई नको म्हणते, कोणी काय मारलं असेल सांगता येत नाही. तिचं बरोबर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. आरोग्यदायी अन्न म्हणताना आपण खाणाऱ्याचंच आरोग्य मोजतो. पिकवणाऱ्याचंही त्यात धरलं पाहिजे. मात्र निंदणाच्या पातीत दिवसभर वाकून बसलेल्या बाईला विचाराल तर ती तणनाशकाला शिव्या देणार नाही. तिची कंबर वाचली.

मला या चर्चेत सगळ्यात अवघड तिढा वाटतो तो हाच. चांगल्या जेवणाचं ओझं कोणाच्या अंगावर पडतं? भाकरीचं पाहा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ ताजं पाहिजे, फार दिवसांचं झालं की जिगट जाते, भाकर थापताना कडा फाटतात आणि चवही उतरते. म्हणून थोडं थोडं दळायचं, आठवड्याला चक्की. पाणी कढत पाहिजे. तळहाताच्या खालच्या भागानं रगडून रगडून मळायचं, एका वेळी एकाच भाकरीचा गोळा. थापायची, उचलायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग विस्तवावर. आठ माणसांच्या घरात हे दोन वेळा. पोळ्या लाटून डब्यात टाकल्या की संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. भाकर दुपारी कडक होते, पोरं शाळेच्या डब्यात नेत नाहीत. मी एकदा जेवताना भाकरीच्या पर्यावरणीय थोरवीवर बोलत होतो तर वहिनी तव्यावरून मान न वळवता म्हणाली, “भाऊजी, तुमी लिहा भाकरीवर. थापाले मलेच लागते.”

आणि ती गॅसवर थापते. तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांच्या चुलीवरची भाकर खमंग लागते खरी, पण तो धूर आईच्या छातीत अजून आहे.

ज्वारी गेली त्याला लोकांची अक्कल गेली हे कारण नाही. रेशनवर गहू-तांदूळ माणशी ५ किलो, २०२३ पासून तोही फुकट. ज्वारी विकत घ्यावी तर गव्हाहून महाग. पेरावी तर २०२५-२६ चा हमीभाव संकरित ज्वारीला क्विंटलला ३,६९९ रुपये, सोयाबीनला ५,३२८. सोयाबीनला तो प्रत्यक्षात मिळत नाही ही गोष्ट वेगळी, तरी डोकं आकड्याकडेच जातं. परतीचा पाऊस कणसावर आला की दाणा काळा पडतो, तो कोणी घेत नाही. एवढं करून रात्री जागलीला जावं लागतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया किलोनं द्यायची तरतूद पहिल्यापासून आहे. आमच्याच जिल्ह्यातली ज्वारी हमीभावानं घेऊन आमच्याच रेशनवर सातत्यानं दिली तर निम्मी गणितं सुटतील असं मला वाटतं, आणि त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

हे मी भावाला म्हणालो. तो महालक्ष्म्यांच्या आंबिलीपुरती का होईना, दरवर्षी थोडी ज्वारी पेरतोच. तो म्हणाला, “रेशनचं ठीक हाये. डुकराचं काय?” रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर लोळवतो, उरलेल्यात सकाळी रोही, म्हणजे नीलगाई. सोयाबीनलाही त्रास आहेच, पण एकट्याची ज्वारी सगळ्या शिवारात उभी असली की गावचं प्रत्येक जनावर तिथंच येतं. पूर्वी सगळ्यांचीच असायची, नुकसान वाटलं जायचं. त्यानं झटका मशीनचा, म्हणजे जनावराला हलका झटका देणाऱ्या कुंपणाचा, हिशोब काढला आहे. सोलर, बॅटरी, खांब, तार. एका वावराला परवडत नाही, चार लागून असलेल्या वावरांना मिळून परवडतं. दोघांनी हो म्हटलं आहे, तुरीत ज्वारीची तासं टाकायलाही तयार आहेत. चौथा म्हणतो, माझं सगळं सोयाबीन, मी तारेचे पैसे कायले देऊ. त्याच्याकडे भाऊ परत जाणार आहे, या वेळी वहिनीला घेऊन, कारण चौथ्याची बायको तिच्या बचत गटात आहे.